तेलाचा थेंब आणि अण्णांचा एक महिना

एका वाचक लेकीचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं. ती पुण्यात नोकरी करते. वडील, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, ६९ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक, आईसोबत सातारा जिल्ह्यातल्या गावी राहतात. वर्षभर रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात. धार बारीक झालीय, सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही ‘अजून राहिलीय’ असं वाटतं. पावसाळ्यात सर्दीची गोळी घेतली त्या रात्री लघवी अडकली होती, पहाटे आपोआप सुटली. डॉक्टरकडे चला म्हटलं की विषय बदलतात. आजोबा गावात वैद्यकी करायचे. त्यांची अर्धी मोडी, अर्धी बाळबोध अशी वही अण्णांनी जपून ठेवलीय. तिच्यात मूत्रपरीक्षेचं पान आहे. अण्णांनी एका पहाटे काचेच्या ग्लासात लघवी धरली आणि तिळाच्या तेलाचा थेंब सोडला. थेंब ईशान्येला सरकला आणि मग बुडाला. वहीत ईशान्येपुढे ‘एक मास’ आणि बुडण्यापुढे ‘असाध्य’ असं लिहिलंय. अण्णा कुणाला काही बोलले नाहीत. पासबुकं आणि विम्याचे कागद एका पिशवीत घालून आईच्या हाती दिले, किराणा दुकानातली उधारी चुकती केली, तेव्हा आईच्या मनात पाल चुकचुकली. लेकीनं साखर तपासू म्हटलं तर म्हणाले, ‘मोरीत मुंग्या लागत नाहीत, म्हणजे मधुमेह नाही.’ दुपारी चारनंतर पाणी बंद केलंय. लेकीचा प्रश्न आहे, ‘ती वही जाळून टाकू, की अण्णांच्या श्रद्धेचा मान राखून गप्प बसू?’

*

वही जाळू नका, आणि गप्पही बसू नका. वही एका बाजूला आणि डॉक्टर दुसऱ्या बाजूला असं तुम्ही धरून चाललात, म्हणून तुम्हाला दोनच वाटा दिसताहेत. अण्णाही तेच धरून चाललेत. मला विचाराल तर ती वही तुम्हा दोघांपैकी कुणीच पुरती वाचलेली नाही. तुम्हाला मोडी येत नाही, आणि अण्णांचं बोट पहिल्या वाईट ओळीवरच थबकलं.

मी आयुर्वेद शिकलेली आहे, बरीच वर्षं दवाखाना चालवलाय. तरी तेलाचा थेंब मी कॉलेजनंतर कधी टाकला नव्हता. तुमचं पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे टाकला. दोन ग्लास घेतले. एक नीट विसळलेला, दुसरा भांड्यांच्या साबणाचा हात लावून अर्धवट धुतलेला. दोन्हींत माझीच लघवी. पहिल्या ग्लासात काडीच्या टोकावरून अलगद सोडलेला थेंब मोत्यासारखा गोल तरंगत राहिला. दुसऱ्यात तो क्षणात पसरला, कडेला इंद्रधनुष्यासारखी झाक आली आणि मग काहीच दिसेना. तिसरा थेंब वीतभर उंचीवरून टाकला, तो सरळ खाली गेला आणि हेलकावे खात वर आला. थेंब कुठल्या दिशेला सरकतो तेही पाहिलं. पंखा चालू होता तेव्हा नैर्ऋत्येला गेला, पंखा बंद केल्यावर जागचा हलला नाही. माझ्या यजमानांनी विचारलं, काय चाललंय. ‘वाचकांची सेवा,’ म्हटलं.

आता अण्णांचा थेंब. तिळाचं तेल पाण्यापेक्षा हलकं असतं आणि लघवी पाण्यापेक्षा किंचित जड. लघवीत काहीही असलं तरी तेल तिच्या तळाशी जाऊन बसत नाही. मग बुडाला म्हणजे काय झालं? एक तर उंचावरून पडून आत गेला आणि अण्णांनी तेवढ्यात मान वळवली, किंवा काचेला चिकटला, किंवा पसरून इतका पातळ झाला की पहाटेच्या उजेडात दिसेनासा झाला. तुमच्या पत्रात नाही, पण ६९ व्या वर्षी मोतीबिंदूची सुरुवात असणं काही नवल नाही. गंमत बघा, या परीक्षेत थेंब पसरणं हे ‘साध्य’ लक्षण मानलंय. अण्णांनी जे बुडणं समजलं ते कदाचित उत्तम लक्षण असेल. हे त्यांना पटवण्यासाठी सांगत नाहीये. थेंबाच्या भाकितावर माझा ना चांगल्या बाजूनं विश्वास आहे ना वाईट. पण ज्या निरीक्षणावर माणसानं पासबुकं आवरायला घेतली, ते निरीक्षण तरी धड झालंय का, एवढं विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

ही परीक्षा आली कुठून तेही सांगते, कारण अण्णा मुख्याध्यापक आहेत, त्यांना मुळापाशी जायला आवडेल. चरक-सुश्रुतांत तेलाचा थेंब नाही. तो पुढच्या काळातला. ‘योगरत्नाकर’ हा साधारण सतराव्या शतकातला ग्रंथ, पुण्याच्या आनंदाश्रमानं छापलेला, जुन्या वैद्यांच्या घरी हमखास सापडतो. तुमच्या आजोबांच्या वहीचं पान बहुधा त्याच परंपरेतलं. त्यात रोग्याची आठ अंगांनी परीक्षा सांगितलीय : नाडी, मूत्र, मळ, जीभ, शब्द, स्पर्श, डोळे आणि आकृती. लघवी कशी धरायची तेही फार काटेकोर सांगितलंय. रात्रीच्या शेवटच्या प्रहरात, चार घटिका, म्हणजे साधारण दीड तास, उरला असताना रोग्याला उठवावं, पहिली धार सोडून द्यावी, मधली धार काचेच्या भांड्यात घ्यावी आणि सूर्योदयाला पाहावी. आज कुठल्याही लॅबमध्ये लघवी द्यायला गेलात तर डबी हातात देताना ताई हेच सांगते, ‘पहिली जाऊ द्या, मधली घ्या.’ हे लिहिणारा माणूस नीट बघणारा होता.

मग तोच ग्रंथ पुढे जातो. थेंब सापासारखा लांबला तर वात, छत्रीसारखा झाला तर पित्त, मोत्यासारखा राहिला तर कफ. इथवर निदान निरीक्षणाचा वास येतो. लघवीत पित्तक्षार आले की तिचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाचा ताणलेपणा, कमी होतो आणि थेंब पसरतो. माझ्या विद्यार्थिदशेत काविळीच्या संशयात लघवीवर गंधकाची पूड भुरभुरवून ती बुडते का बघायचे, ती ‘हेज टेस्ट’ याच तत्त्वावरची. पण त्यापुढे ग्रंथात दिशा येतात, चाळणीसारखा आकार आला तर कुळाचा दोष येतो, माणसासारखा आला तर भूतबाधा येते. तिथे वैद्य मागे राहिला आणि शकुन पाहणारा पुढे झाला. मी हे आदरानंच म्हणते. आपल्याकडे एकाच पानावर दोघंही बसलेले असतात, आणि वाचणाऱ्यानं कुणाचं ऐकायचं ते ठरवायचं असतं.

आणि आठांतल्या एका अंगाच्या एका तुकड्यावर निकाल द्यावा, असं तर तो ग्रंथही म्हणत नाही. चरकानं याबाबत फार स्पष्ट ताकीद दिलीय. प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासकट लघवीच्या विकारांच्या, चिकित्सेत तो सांगतो की लघवी हळदीसारखी पिवळी किंवा रक्तासारखी दिसली, पण प्रमेहाची पूर्वलक्षणं मात्र नसली, तर ‘न वदेत्प्रमेहम्’, त्याला प्रमेह म्हणू नये, तो रक्तपित्ताचा प्रकोप समजावा. प्रमेहाचे वीस प्रकार रंग, वास, चव, दाटपणा यांवरून पाडणारा माणूस हे म्हणतोय. उसाच्या रसासारखी लघवी, हळदीच्या रंगाची, मंजिष्ठेच्या पाण्यासारखी, वाळू पडणारी, हत्तीसारखी सतत गळणारी, असे वीस. एवढं बारीक बघूनही तो म्हणतो, एकट्या रंगावर जाऊ नका. हा श्लोक अण्णांना मोठ्यानं वाचायला द्या. (रंगाचंच निघालंय तर, बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते आणि बीट खाल्ल्यावर काही जणांची लाल. दर महिन्याला मला या दोन कारणांनी घाबरलेलं कुणीतरी लिहितंच.)

मुंग्यांचंही तसंच. अण्णा म्हणतात ते चरकातलंच आहे, अंगाला आणि लघवीला मुंग्या, माश्या लागणं हे प्रमेहाचं पूर्वलक्षण. पण त्याच यादीत तळहात-तळपायांची आग, बधिरपणा, तोंडाला गोडवा, केसांचा गुंता, तहान, आळस हे सगळं आहे. अण्णांनी यादीतली एकच ओळ उचलली आणि तीही उलटी फिरवली. मुंग्या लागल्या तर साखर असेल, याचा अर्थ मुंग्या नाहीत म्हणजे साखर नाही असा होत नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. म्हणजे मुंग्यांना खबर लागेपर्यंत मधुमेह घरात पाय पसरून बसलेला असतो. त्यात तुमच्या मोरीत फिनेल पडत असणार. उलटंही होतं. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढतात, अशा माणसाची रक्तातली साखर ताब्यात असूनही लघवीला मुंग्या येऊ शकतात. बोटाला सुई टोचायला पाच सेकंद लागतात, मुंग्यांची वाट कशाला बघायची?

आता मुख्य दुखण्याकडे. बारीक धार, सुरू व्हायला उशीर, उरल्याची भावना, रात्रीची जाग, ही चित्रं या ग्रंथांना नवी नाहीत. लघवी करताना दुखतं-जळतं तो मूत्रकृच्छ्र, ज्याला आपण उन्हाळी लागणं म्हणतो. लघवी अडते, तुंबते, तो मूत्राघात. चरकानं मूत्राघाताचे तेरा प्रकार सांगितले, सुश्रुतानं बारा. त्यांतला एक वाताष्ठीला. अष्ठीला म्हणजे गोलसर दगड. सुश्रुत लिहितो, मळाचा मार्ग आणि बस्ती म्हणजे मूत्राशय यांच्या मधे वायू दगडासारखी घट्ट, उंचावलेली, न हलणारी गाठ करतो आणि त्यामुळे मळ, मूत्र, वारा अडतो. मूत्राशयाच्या खाली आणि गुदाच्या पुढे असलेल्या ज्या ग्रंथीला आज प्रोस्टेट म्हणतात तिला मराठीत अष्ठीला ग्रंथी असंही नाव आहे, ते उगीच नाही. दोन्ही गोष्टी शब्दशः एकच आहेत असा दावा मी करणार नाही, वाताष्ठीलेत बरंच काही मावतं. पण जागा तीच, तक्रार तीच. साठी ओलांडलेल्या पुरुषांत ही ग्रंथी वाढणं इतकं नेहमीचं आहे की तुमच्या गावच्या पारावर बसणाऱ्या चौघांपैकी दोघे तरी रात्री उठत असतील, फक्त बोलत नसतील.

अण्णांना हेच आहे असं मी इथून सांगू शकत नाही. सांगितलं तर मीही थेंब टाकणाऱ्यांतलीच. पण सर्दीच्या गोळीनंतर लघवी अडकली हा तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा धागा आहे, तो डॉक्टरांना आवर्जून सांगा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये असं औषध असतं की ज्यानं मूत्राशयाचं तोंड आवळतं किंवा मूत्राशयाचा जोर कमी होतो. ग्रंथी वाढलेल्या माणसाला एवढं निमित्त पुरतं. यापुढे मेडिकलमधून परस्पर ती गोळी आणायची नाही. आणि पुन्हा लघवी पूर्ण अडकली, ओटीपोट दगडासारखं टणक झालं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. नळी घालून मूत्राशय मोकळं केलं की दोन मिनिटांत माणूस माणसात येतो. काढा, शेक, बेंबीत हिंग, यात तास घालवायचे नाहीत. चरकानं हृदय, शिर आणि बस्ती ही तीन मर्मं सगळ्यांत महत्त्वाची मानली आणि मूत्राघात सांगितले ते त्याच मर्मांच्या अध्यायात. तुंबलेली बस्ती तो हृदयाच्या पंक्तीत बसवतो.

तपासण्या फार नाहीत. लघवीची साधी तपासणी, जंतुसंसर्गाचा संशय असेल तर कल्चर, रक्तातली साखर, मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी क्रिएटिनिन, पोटाची सोनोग्राफी आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते त्याचं माप. युरॉलॉजिस्ट पीएसए नावाची रक्ताची चाचणी सांगतील. तिथे मात्र सावध राहा, कारण अण्णांचा स्वभाव एका आकड्यावर निकाल लावण्याचा आहे. पीएसए साध्या वाढीतही चढतो, संसर्गातही चढतो. तो आकडा म्हणजे दुसरा तेलाचा थेंब होऊ देऊ नका, डॉक्टरांनाच वाचू द्या. ग्रंथीची साधी वाढ निघाली तर सुरुवात बहुतेक वेळा रोजच्या एका गोळीनं होते आणि काही दिवसांत रात्रीची एखाद-दुसरी फेरी वाचते. गोळीनं पहिल्या दिवसांत उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून ती झोपताना घेतात आणि रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसतात.

गुदातून बोट घालून ग्रंथी चाचपायच्या तपासणीला अण्णा लाजत असतील (पुष्कळसे पुरुष विषय का बदलतात, ते तुम्हाला आता कळलं असेल), तर सुश्रुताचा मूतखड्याच्या शस्त्रक्रियेचा अध्याय काढा. डाव्या हाताची दोन बोटं गुदातून घालून खडा खाली आणायची रीत तिथे सविस्तर दिलीय. त्याच अध्यायात एक ओळ आहे, ‘अक्रियायां ध्रुवो मृत्युः क्रियायां संशयो भवेत्’. काही केलं नाही तर मरण ठरलेलं, केलं तर निदान शंकेला जागा, म्हणून राजाला विचारून शस्त्रक्रिया करावी. भूल नाही, जंतुनाशक नाही, अशा काळातला वैद्य हे लिहितो. ‘असाध्य’ शब्द वाचून हात जोडून बसणं हे या परंपरेचं पालन आहे असं अण्णांना वाटतं. मला तसं वाटत नाही.

बोलायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. मी पत्र वाचताना ईशान्येच्या ‘एका महिन्या’चे दिवस मोजले. हे छापून येईल तेव्हा तो महिना उलटलेला असेल. कृपा करून ‘बघा, खोटं ठरलं ना!’ असं म्हणू नका. महिनाभर जो माणूस रोज रात्री मरणाशेजारी झोपला, त्याला हरल्यासारखं वाटायला नको. गावी जा, चहाच्या वेळी वही मागा आणि म्हणा, ‘अण्णा, मला मोडी येत नाही, आजोबांनी या पानाच्या आधी काय लिहिलंय ते वाचून दाखवा.’ रोग्याला काय काय विचारावं, काय खायला द्यावं, कुठलं औषध किती दिवस, असं वैद्याच्या वहीत बरंच असतं. आजोबा सगळ्यांना थेंब टाकून घरी पाठवत असते तर त्यांच्याकडे कुणी आलंच नसतं.

मग त्याच वहीच्या कोऱ्या पानावर अण्णांनाच तीन दिवसांचा तक्ता आखायला सांगा. किती वाजता, मापाच्या भांड्यात किती मिलिलिटर, त्याआधी काय प्यायलं. मुख्याध्यापकांना तक्ता आखायला आवडतो. डॉक्टरांना या कागदानं निम्मं काम होतं. रात्रीच्या खेपांना प्रत्येक वेळी थोडी थोडीच होत असेल तर रोख मूत्राशयाकडे किंवा ग्रंथीकडे. पण चोवीस तासांतल्या लघवीपैकी एक तृतीयांशाहून जास्त रात्रीच होत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं : साखर, पायांवर सूज, हृदय, झोपेतलं घोरणं, कधी नुसता संध्याकाळचा तिसरा चहा. पाणी मात्र चारला बंद करू नका. दिवसभर नेहमीसारखं प्या, झोपेआधी दोन तास हात आखडता घ्या, एवढं पुरे. पाणी तोडलं की लघवी दाट होते, जळजळ आणि खडे यांना आमंत्रण मिळतं.

अण्णांना आयुर्वेदाचंच औषध हवं असेल तर तपासण्या झाल्यावर नोंदणीकृत वैद्याकडे त्या कागदांसकट न्या. गोखरू, पुनर्नवा, वरुण ही या कामातली जुनी आणि अजून वापरातली औषधं आहेत. लेबल नसलेल्या डबीतली पूड मात्र घरात येऊ देऊ नका. त्यात कुठलं भस्म किती आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि फेडावं लागतं मूत्रपिंडाला.

लघवीच्या तक्रारींची आणखी पत्रं माझ्या टेबलावर आहेत, बहुतेक बायकांची, आणि बहुतेकींचं एकच. एसटीचा प्रवास, शाळेतली नोकरी, दुकानातली पाळी, जागा नाही म्हणून तासन्‌तास धरून ठेवायचं आणि त्यासाठी पाणीच प्यायचं नाही. चरकानं न अडवण्याचे तेरा वेग सांगितले, त्यांत लघवीचा आहे. अडवल्यानं बस्तीत शूळ, मूत्रकृच्छ्र, डोकेदुखी, वाकून जाणं, जांघेत ताठरणं होतं असं तो लिहितो. त्याच्यासमोर स्टँडवरचं कुलूप लावलेलं स्वच्छतागृह नव्हतं, एवढाच फरक. धने-जिऱ्याचं पाणी, वाळा, सब्जा एखादा दिवस जरूर घ्या. पण दोन दिवसांत जळजळ थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, कंबरेत एका बाजूला दुखायला लागलं किंवा तुम्ही गरोदर असाल, तर लघवी तपासून औषध घ्या. मूतखड्यावर घेतात ते हुलग्याचं माडगं मला स्वतःला आवडतं, पण खडा किती मोठा आहे आणि कुठे अडकलाय हे माडग्याला दिसत नाही. आणि दुखत नसताना लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं आणि थांबलं, तरी ते ‘उष्णता’ म्हणून सोडून देऊ नका. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांनी तर नाहीच.

अण्णांच्या सोनोग्राफीचं एक सांगायचं राहिलं. ‘पाणी पिऊन, लघवी धरून या’ असं सेंटरवाले सांगतील. गावाहून दीड-दोन तासांचा प्रवास असेल तर घरून पाणी पिऊन निघू नका. तिथे पोहोचून नंबर लावा, मग बाटली उघडा, आणि जोर आला की रांग कितीही असली तरी काउंटरवर जाऊन सांगा, ‘यांना धरवत नाही, आधी घ्या.’ अण्णा स्वतः ते सांगणार नाहीत, तुम्ही सांगा.